चर्चचा फोन सांभाळणारी मावशी

चर्चच्या दारात उभं राहून लोकांचं स्वागत करणं हे काम बघणाऱ्याला फार सोपं वाटतं. त्यात काय, दात दाखवायचे आणि गीतांचं पुस्तक हातात द्यायचं! ज्याला असं वाटतं त्याने एका रविवारी सकाळी फोनमावशीच्या जागी उभं राहून बघावं. अर्ध्या तासात गुडघे कुरकुरायला लागतात आणि त्यानंतर गाल. तोंडावर हसू धरून ठेवणं हे भरलेली बादली धरून ठेवण्यासारखंच आहे, फक्त इथे हात बदलायची सोय नाही.

फोनमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. सगळी उमर कानाला यंत्र लावून 'थांबा, जोडून देते' म्हणण्यात गेली. निवृत्त झाली त्याच आठवड्यात त्या वेळच्या म्हाताऱ्या पाळकांनी तिला गाठलं. चर्चने नुकताच एक मोबाइल घेतला होता. बाहेरच्या कुणाला उपासनेची वेळ विचारायची असेल, पत्ता हवा असेल, प्रार्थनेची विनंती करायची असेल, तर एक नंबर असावा म्हणून. "तुमच्यासारखा आवाज मंडळीत दुसऱ्या कुणाचा आहे का?" म्हणाले, आणि फोन तिच्या हातात ठेवून मोकळे झाले. तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्यांत ते पहिले. शेवटचे मात्र नव्हेत.

फोनपाठोपाठ दारही आलं. फोनवर पत्ता विचारून आलेली माणसं दारात तोच आवाज शोधायची. मग आवाजाने दारातच उभं राहायला नको का? झालं, मावशी दारात उभी राहिली ती राहिलीच. म्हातारे पाळक गेले, त्यांच्यानंतरचे बदलून गेले, आता तरुण पाळक आले. मावशी आपली दारात.

तिथे तिने आपली एक रीत बसवली होती. या मंडळीत जुना रिवाज असा की सूचना वाचून झाल्या की सेक्रेटरी म्हणायचे, "आज जे पाहुणे प्रथमच आले आहेत त्यांनी कृपया उभं राहावं." मग सगळी माणसं माना वळवून बघणार, टाळ्या वाजवणार, स्वागताचं कडवं म्हणणार. रिवाज चांगल्या मनाने सुरू झालेला. काहींना तो फार आवडायचाही; असे लोक सूचना सुरू झाल्या की आधीच कोटाची बटणं नीट करून बसत. पण काही जण चर्चमध्ये येतात तेच मुळी कुणी बघू नये म्हणून. घरातलं भांडण तोंडावर तसंच घेऊन आलेली बाई, कालपरवा कुणाला तरी पुरून आलेला माणूस. त्यांना उभं केलं, टाळ्या वाजवल्या, की ते पुन्हा फिरकत नसत. मावशीच्या हे लक्षात आलं तेव्हा तिने सेक्रेटरींना गाठून सांगितलं, "डावीकडच्या जाड खांबाआड मी ज्याला बसवीन, त्याच्याकडे तुम्ही बघायचं नाही." सेक्रेटरी नियमाचे पक्के. आधी कुरकुरले, मग तयार झाले. मावशीचा अंदाज दरवेळी बरोबर यायचा असंही नाही. एकदा दुसऱ्या शहरातल्या गायकवृंदाचे प्रमुख आले होते. त्यांना तिने दुःखी समजून खांबाआड बसवलं आणि ते दिवसभर रुसून राहिले.

सोमवार फोनचा. रविवारी जो दिसला नाही त्याला सोमवारी मावशीचा फोन जायचा. "का आला नाहीत?" असं ती चुकूनही विचारत नसे. "सहज केला हो, तब्येत काय म्हणतेय?" एवढंच. मग समोरचा माणूस बोलत सुटायचा. मोतीबिंदू, सुनेचं वागणं, शेजाऱ्याचं कुत्रं, सगळं ऐकून घ्यायचं आणि त्यातलं जे पाळकांच्या कानावर घालण्याजोगं असेल तेवढं घालायचं.

हे सगळं ती आनंदाने करत होती, असं मी लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. सुरुवातीला करत होती. आता ती थकली होती. आजारी नव्हती, रागावली नव्हती, देवावरचा विश्वासही जागच्या जागी होता. नुसती थकली होती. एक रात्र झोपून जाणारा तो थकवा नव्हता. फोन वाजला की ती आधी डोळे मिटून घ्यायची आणि मग तोंडातून तो गोड आवाज निघायचा. तरुण पाळकांना तिने दोनदा सांगून पाहिलं की आता दुसरं कुणीतरी बघा. दोन्ही वेळा ते कळवळून म्हणाले, "मावशी, तुमच्यासारखं कोण करणार?" आणि विषय तिथेच संपला. कौतुकासारखी बेडी नाही, काढावी म्हटलं तरी लाज वाटते.

एका रविवारी सकाळी ती उठून पलंगाच्या कडेला बसली, केस विंचरायला घेतले आणि फणी तशीच हातात राहिली. पाय जमिनीला लागले होते, पण उठायचं नाव घेत नव्हते.

तिचा नवरा घड्याळजी. खिडकीशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडून बसायचा. चर्चला तो लग्नाला आणि मयताला तेवढा जाई. त्याने भिंगाआडूनच विचारलं, "काय गं, आज दुकान बंद?"

"जाववत नाही हो."

"मग नको जाऊस. देव काय हजेरी घेतो?"

"देव नाही घेत," मावशी म्हणाली, "मी घेते."

आणि ती पुन्हा आडवी झाली. मान उशीला टेकते न टेकते तोच फोन वाजला. कुणाला तरी उपासनेची वेळ हवी होती. मावशीने पडल्या पडल्या वेळ सांगितली, गाडी कुठे लावायची ते सांगितलं, आणि बरोबर म्हातारी आई आहे म्हटल्यावर पायऱ्या टाळून बाजूच्या दाराने कसं यायचं तेही सांगितलं. मग आणखी एक फोन, मग आणखी एक. पांघरूण गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले, आणि आवाज असा की जणू दारातच उभी आहे.

"चर्च आता इथेच भरव म्हणजे झालं," घड्याळजी म्हणाला.

उपासना सुरू व्हायची वेळ झाली तशी तिला अपराध्यासारखं वाटायला लागलं. आता दारात कुणी नाही हे लोकांच्या लक्षात येईल. कुणीतरी फोन करील, 'मावशी, कुठे आहात? बरं आहे ना?' पोट बिघडल्याचं सांगायचं, हेही तिने ठरवून ठेवलं. उपासना सुटायची वेळ झाली, जेवणाची झाली. फोन येत होते. एकाला लग्नासाठी हॉल हवा होता. एकीची छत्री हरवली होती. मावशीने तिला विसरलेल्या छत्र्या कुठे ठेवतात ते सांगितलं आणि छत्री सापडलीसुद्धा. पण 'तुम्ही कुठे आहात' हे कुणीच विचारलं नाही.

तिने स्वतःची समजूत घातली. उपासना सुटल्यावर पाळक दारात उभे राहतात आणि आपण आत पुस्तकं गोळा करत असतो. सकाळच्या गडबडीत लोकांनी टेबलावरची पुस्तकं आपली आपण उचलली असतील. एका रविवारचं काय एवढं?

सोमवारी ती नेहमीसारखी फोनला बसली. काल कोण आलं नव्हतं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून जे बरेच दिवस दिसले नव्हते त्यांनाच तिने फोन लावले. त्यात शिवणकाम करणारी एक बाई होती. पाठीच्या दुखण्याने कितीतरी आठवडे घरीच होती.

"सहज केला हो. तब्येत काय म्हणतेय?"

"अहो मावशी, असं काय करता? काल आले होते की मी!" बाई हसत म्हणाली. "दारात भेटलो नाही का आपण?"

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही म्हणालात नाही का, 'बरं झालं बाई आलात, पुढे नका बसू, शेवटच्या बाकाला पाठ टेकायला बरं पडेल.' मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!"

"हो का," मावशी म्हणाली. "बरं झालं आलात."

बाई खोटं बोलत नव्हती, हे मावशीला तिच्या आवाजावरून कळत होतं. तिला खरोखरच मावशी भेटली होती. इतकी वर्षं इतक्यांदा ती तिथे उभी राहिली होती, आणि ती वाक्यं इतक्यांदा बोलली होती, की आता ती नसली तरी लोकांना ती दिसत होती आणि ऐकूही येत होती.

घड्याळजीला हे कळलं तेव्हा तो ठसका लागेपर्यंत हसला. "बढती झाली की गं तुझी! आता तू गेली नाहीस तरी चालतंय."

मावशीला मात्र हसू आलं नाही. तिच्या मनाला ते फार लागलं. "उद्या माझं मढं पडलं ना," ती म्हणाली, "तरी या लोकांना वाटेल, सोमवारी मावशीचा फोन आला होता." आणि बोलता बोलताच तिच्या डोळ्यांना पाणी आलं. घड्याळजीने भिंग काढून ठेवलं.

त्या दिवशी तिने ठरवलं की कुणीतरी आपण होऊन आपली चौकशी करीपर्यंत चर्चला जायचं नाही. कुणी केली, तर पाय साथ देतील तोवर दारात उभं राहायचं आणि पुन्हा तक्रार करायची नाही. कुणीच केली नाही, तर फोन परत देऊन मोकळं व्हायचं. तिसऱ्या रविवारपर्यंत वाट बघायची, बस्स. नवऱ्याला तिने तसं सांगितलं.

"कुणी विचारलं तर आठवडाभर भांडी मी घासीन," तो म्हणाला.

"आणि नाही विचारलं तर?"

"तरी मीच घासीन. तुझ्यात उभं राहायचं त्राण कुठे उरलंय?"

दुसरा रविवार घालवणं जड गेलं. सवयीने ती लवकर उठली, तयारही झाली आणि तशीच चपला घालून खुर्चीत बसून राहिली. फोन आले, तिने उचलले. दुपारी फोन वाजला तो पाळकांचा. त्यांचा आवाज ऐकून ती ताठ बसली.

"मावशी, एक विचारायचं होतं."

"विचारा ना," ती घाईघाईने म्हणाली.

"बुधवारच्या प्रार्थनासभेची जागा बदलली आहे. सगळ्यांना कळवायला जमेल का? आणि हो, आज सगळं फार छान झालं बरं का. दारात तुम्ही असता म्हणून मी आत अगदी निर्धास्त असतो."

"कळवते," मावशी म्हणाली. आणि संध्याकाळपर्यंत बसून तिने सगळ्यांना कळवलं.

घड्याळजी वैतागला. "अगं, तिथल्या तिथे सांगायचंस ना त्याला, की मी दोन रविवार घरात पडलेय म्हणून!"

"मी सांगायचं आणि मग त्याने विचारायचं? त्याला विचारणं म्हणतात का?"

तो उठून भांडी घासायला गेला.

तिसऱ्या रविवारी सकाळी एका अनोळखी माणसाचा फोन आला. आवाज खालचा, चाचरत बोलणारा. बेकरीत रात्रपाळीला असतो म्हणाला, शहरात नवा आहे, पाळी संपवून तसाच निघालोय, कपड्यांना पीठ लागलेलं आहे, चालेल का?

"चालेल की. पीठच आहे, झटकलं की गेलं."

"मला उभं करतील का हो? मागच्या शहरात एका चर्चमध्ये उभं केलं होतं. मला नाही जमत ते."

मावशी उशीवरून थोडी उठून बसली. "आत गेलात की डावीकडे एक जाड खांब दिसेल. त्याच्या आड बसा. तिथे कुणी तुम्हाला उभं करणार नाही. शेवटचं गीत सुरू झालं की हळूच निघालात तरी कुणी अडवणार नाही. झोप आली तर बसल्या जागी डुलकी काढा, देव काही बोलत नाही."

तो पहिल्यांदाच हसला. "तुम्ही दारात असाल का? म्हणजे मला ओळखता येईल."

"नाही. आज मी नाहीये तिथे."

"का?" तो म्हणाला. "बरं नाही का तुम्हाला?"

अगदी साधा प्रश्न होता. त्यावर मावशीला नोकरीत शिकलेलं 'थांबा, जोडून देते' एवढंच आठवलं. तिने ज्यांना तीनतीनदा फोन केले, ज्यांच्या मोतीबिंदूच्या तारखा तिला पाठ होत्या, त्यांतल्या कुणाला सुचलं नाही. आणि ज्याने तिचं तोंडही पाहिलं नाही, रात्रभर भट्टीपुढे उभा राहून जो झोपेला आला होता, त्याला सुचलं.

"थकलेय मी," ती शेवटी म्हणाली. "फार थकलेय."

"मग पडा तुम्ही," तो म्हणाला. "खांब डावीकडचा ना? सापडेल मला."

त्यानंतर दिवसभर कुणीच विचारलं नाही. ठरल्याप्रमाणे पाहिलं तर एकाने विचारलं होतं. पण तो मंडळीतला नव्हता. तो तर अजून पायरीसुद्धा चढला नव्हता. त्याच्या बळावर उरलेल्या सगळ्यांना पास करायला मावशीचं मन तयार होईना.

सोमवारी ती चर्चच्या बाजूच्या खोलीत पाळकांना भेटायला गेली. तिला एकटीला पाठवायला घड्याळजी तयार नव्हता, तोही बरोबर आला. खोलीत भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या, कपाटावर फाटक्या गीतपुस्तकांचे गठ्ठे, टेबलावर गार झालेला चहा. पाळक डोळे चोळत रविवारचा उपदेश लिहायला बसले होते. मावशीने फोन आणि त्याचा चार्जर त्यांच्यापुढे ठेवला.

"हे काय, मावशी?"

"आता नाही होत माझ्याच्याने."

"अहो, पण अचानक असं? काल तर..."

"काल मी नव्हते. त्याच्या आधीच्या रविवारीही नव्हते, त्याच्याही आधी नव्हते."

पाळक तिच्याकडे बघतच राहिले. मनातल्या मनात ते ते रविवार आठवून बघत होते, आणि त्यांना प्रत्येक वेळी दारात मावशी दिसत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "पण फोन तर चालू होता," ते म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली. "फोन चालू होता."

घड्याळजीचा संयम सुटला. "तीन रविवार ही बाई अंथरुणात पडून तुमच्या लोकांना वाटा दाखवतेय! एकाने विचारलं नाही, मावशी जिवंत आहे का म्हणून."

"अहो, पुरे," मावशी म्हणाली.

"नाही, बोलू द्या त्यांना," पाळक म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. सबबी सांगितल्या नाहीत, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं. "चुकलंच आमचं. माझं तर फारच." त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. "तुमचा नंबर सांगा, मावशी. मीच फोन करत जाईन तुम्हाला."

मावशीने नंबर सांगायला सुरुवात केली. चारसहा आकडे सांगून ती थांबली. पाळकही थांबले. ती सांगत होती तो नंबर चर्चचा होता, आणि तो फोन समोर टेबलावर पडला होता. दुसरा नंबर तिला नव्हताच. दोन दोन फोन कशाला सांभाळायचे म्हणून स्वतःचा तिने केव्हाच बंद करून टाकला होता. नातेवाईक, इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणी, सगळ्यांजवळ तिचा म्हणून जो नंबर होता तो चर्चचा. आता फोन परत दिल्यावर तिला फोन करायचा म्हटलं तरी तो कुठे करणार?

"माझा घ्या," घड्याळजी म्हणाला आणि त्याने एकेक आकडा सावकाश सांगितला.

ते उठून दारापर्यंत आले असतील नसतील, तोच टेबलावरचा फोन वाजला. मावशीचा हात आपोआप पुढे झाला. घड्याळजीने तिचं मनगट धरलं. पाळकांनी फोन उचलला, "हॅलो, कोण? कोण पाहिजे?" म्हणाले.

"असं विचारतात का!" मावशी कळवळून पुटपुटली. "घाबरेल तो माणूस."

"चल," नवरा म्हणाला. "त्याला शिकू दे."

पुढच्या रविवारी ती गेली नाही. त्या दिवशी घरात फोन वाजला नाही आणि ते शांत घर तिला सोसवेना. काम ठेवून दिलं की हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. हलकं वाटलंच नाही, उलट सगळा थकवा आता निवांतपणे बाहेर यायला लागला. सोमवारचा दिवसही तसाच गेला. दिवेलागणीला ती पडून होती, तेव्हा खिडकीशी घड्याळजीचा फोन वाजला. घड्याळ तयार झालं का म्हणून कुणीतरी विचारत असेल, असं तिला वाटलं.

तो फोन हातात घेऊन खोलीच्या दारात आला. "तुझ्यासाठी आहे."

"माझ्यासाठी? कोण?"

"तुझे पाळक. काल दिसल्या नाहीत म्हणून केला म्हणतात. कशा आहेत विचारतायत."

मावशी काही क्षण छताकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि पाणी कानाकडे ओघळलं, पण ते पुसायलाही तिने हात उचलला नाही.

"सांगा, झोपलीये."

"पाळकाशी खोटं बोलू?" तो फोनवर हात ठेवून कुजबुजला.

"खोटं कशाला? ही बघा, झोपतेच आहे." तिने पांघरूण वर ओढलं आणि कुशीवर वळली.

तो बाहेरच्या खोलीत गेला. "झोपलीये हो ती," असं तो म्हणत होता, "हो, हो, सांगतो की." थोड्या वेळाने, ते उद्या पुन्हा फोन करणार आहेत हे सांगायला तो आत आला, तेव्हा ती खरोखरच झोपली होती.